साडेसहा तास, कधी साडेसात

मी रोज दुपारी सव्वादोनला दात घासतो, याचा लेखी पुरावा परवा आमच्या जेवणाच्या टेबलावर निघाला. लेक म्हणाली, "बाबा, हे बघा. तुमच्या तोंडात ब्रश, बाल्कनीत कोवळं ऊन, आणि फोटोची वेळ चौदा वाजून पंधरा मिनिटं." मी म्हणालो, "असेल. त्या वर्षी मी जरा उशिरा उठत होतो." ती हसली नाही. लहानपणी माझ्या असल्या उत्तरांना ती पोट धरून हसायची. आता ती सुट्टीवर आलेली, चाळिशीची, चष्मा लावणारी बाई आहे आणि हसण्याआधी तपासून बघते. मी अडतीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासल्या. काच घासताना तोंड रिकामं असतं आणि समोर थांबलेला माणूस चष्म्याविना आंधळा असतो, म्हणजे बसल्या जागी श्रोता. एका गृहस्थांना मी असा नंबर लावून दिला होता की त्यांना उद्याचं वर्तमानपत्र आजच वाचता यायचं. चार दिवसांत चष्मा परत घेऊन आले, म्हणाले, सकाळी करायला काही उरत नाही हो. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की त्या गृहस्थांच्या कानावरचा तीळसुद्धा मला आता आठवतो. आमची ही म्हणायची, "तुम्ही खोटं बोलत नाही, तुम्ही खऱ्याला जरा खायला घालता." ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तिचा छोटा कॅमेरा, लेकीनं परदेशी जाताना तिच्या हातात दिलेला, कपाटात तिच्या स्वेटरांच्या घडीत सापडला, तेव्हापासून हे फोटोंचं प्रकरण सुरू आहे.

चार हजार तीनशे सोळा फोटो. या डिस्कवरून त्या डिस्कवर करता करता सगळ्यांवर एकच तारीख बसलेली, कॉपी केल्याची. जणू आमचं नऊ वर्षांचं आयुष्य एका गुरुवारी उरकलं. तेव्हा लेकीनं, म्हणजे आमच्या ठकूनं, चाळीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. ती त्याला स्क्रिप्ट म्हणते. तिनं मला समजावलं की फोटो काढला की कॅमेरा त्याच्या पोटात गुपचूप एक चिठ्ठी घालून ठेवतो: कुठला कॅमेरा, कुठली तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, भिंगामागचा पडदा किती वेळ उघडा राहिला, फ्लॅश उडाला की नाही. वरचं नाव बदला, दहा वेळा कॉपी करा, चिठ्ठी आत तशीच. स्क्रिप्ट एकेका फोटोचं पोट उघडते, चिठ्ठी वाचते आणि एकेक ओळ लिहीत जाते. मी म्हणालो, "पोस्टमास्तरनं परक्यांची पत्रं उघडावीत तसं झालं की गं." "परक्यांची कुठे, आपलीच आहेत," ती म्हणाली. स्क्रीनवर ओळी सरसर उतरू लागल्या आणि माझ्या पोटात, जिथे कोणी चिठ्ठी ठेवलेली नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो, तिथे एक सापडली. मी उठून उगाच पाणी प्यायलो. कारण त्या चार हजार ओळींत एकतीस ओळी माझ्या होत्या.

ठकूचं मात्र लक्ष वेगळीकडे. स्वयंपाकघरातल्या काही फोटोंत मागे भिंतीवरचं घड्याळ आलंय, ते तिनं मोठं करून पाहिलं. भिंतीवर आठ, चिठ्ठीत साडेचौदा. दुसऱ्यात भिंतीवर सहा, चिठ्ठीत साडेतेरा. तिसऱ्यात पुन्हा साडेसहा तासांचा फरक. "कधी साडेसहा तास, कधी साडेसात. काही नियमच नाही," ती म्हणाली. "आईला कधी वेळ लावताच आली नाही. बॅटरी काढायची, घालायची, जे येईल ते. तारखा ठीक दिसतायत, तेवढ्या ठेवते. वेळेचा रकाना काढून टाकते." आणि मग स्क्रीनकडेच बघत, आवाज न बदलता, "तिला माझ्या कॅमेऱ्यात तरी कुठे रस होता. एकशे बारा फोटो नुसत्या खिडकीच्या पडद्याचे आहेत, बाबा. अर्धं लिंबू. रिकामी कढई. दाराची कडी. मी म्हटलं होतं तुमचे फोटो पाठवत जा, तर हिनं कडीचे काढले."

तिचं बोट त्या रकान्यावर होतं. एकदा दाबलं की वेळ गेली, आणि वेळ गेली की मी सुटलो. इतकं सोपं होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, पण नेमकं या एका बाबतीत मी सहा वर्षं बसलो होतो. ठकूला वाटायचं, अजूनही वाटतं, की ती गेली म्हणून आई तिच्यावर रागावली. फोन नेहमी मी करायचो. ही शेवटी दोन मिनिटं घ्यायची: "बरी आहेस ना? जेवलीस? ठेवते." तिकडे ठकू फोन हातात धरून बसत असणार, आणि इकडे ही पलंगाच्या कडेवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत असायची. मी एकदा भांडलो होतो तिच्याशी यावरून. म्हणाली, "माझा आवाज लांबला की फुटेल, आणि फुटला की ती पोरगी सगळं टाकून उठून येईल. तिला तिथं राहू दे." मी काचा घासणारा माणूस, लांबचं दिसतं आणि जवळचं धुरकट, अशी हजारो माणसं पाहिलीत. पण त्याला नंबर असतो, काच मिळते. या दोघींना लावायला माझ्याकडे काच होती आणि मी ती खिशात घालून फिरत होतो, कारण त्याच काचेच्या मागच्या बाजूनं बघितलं तर मी दिसत होतो.

"ठकू, थांब," मी म्हणालो. "वेळ चुकलेली नाहीये. ती तुझी वेळ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या गावची. कॅमेऱ्याचं घड्याळ तिनं तुझ्या घड्याळावर लावलं होतं. तू गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मी दुरुस्त करायला गेलो तर माझा हात बाजूला केला. म्हणाली, राहू दे तिकडचंच. चालू केला की कोपऱ्यात दिसतं, ती आत्ता काय करत असेल ते."

ठकूच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उघडलं आणि मग पटकन मिटलं. "बाबा," ती हळू म्हणाली, "आईवर नको. प्लीज. तुमच्या गोष्टी बाकी कशावरही करा." मला इतकं लागलं की हसू आलं. अडतीस वर्षं लोकांना उद्याची वर्तमानपत्रं वाचायला दिली, त्याची शिक्षा अशी की एक खरी गोष्ट सांगायला निघालो आणि खिशात नाणं नाही असा उभा राहिलो. मी सांगत सुटलो, आणि जितकं सांगावं तितकं ते रचलेलं वाटायला लागलं: की ही दिवसातून दहादा कॅमेरा उचलायची तो फोटोसाठी नाहीच, वेळ बघायला; की उचलून नुसता ठेवला तर मी विचारीन, चिडवीन, म्हणून समोर जे असेल त्याच्यावर रोखून खटका दाबायची, पडदा तर पडदा, कढई तर कढई; की दाराच्या कडीचे फोटो ती बाहेर निघतानाचे आहेत, ठकू तेव्हा कामावरून सुटायची. भिंतीवर दुसरं घड्याळ का नाही लावलंस असं मी विचारलं होतं. म्हणाली, भिंतीवर लावलं की आल्यागेल्याला कारण सांगत बसावं लागेल, आणि तुम्ही तर सांगालच, वर मीठमसाला घालून. मला शपथ घातली होती तिनं. "आणि तुम्ही पाळलीत?" ठकू म्हणाली. "तुम्ही?"

"साडेसहा आणि साडेसात का मग?" ती वकिलासारखी म्हणाली. "आईनं वेळ मुद्दाम लावली असती तर एकच फरक असता." आणि हे म्हणता म्हणता ती थांबली. मला आठवण करून द्यावी लागली नाही. तिच्या गावी वर्षातून दोनदा घड्याळं एक तास सरकवतात, आपल्याकडे नाही; साडेसहा आणि साडेसात, साडेसात आणि साडेसहा. ती पुन्हा टाइप करू लागली. बोटं जरा चुकत होती, दोनदा खोडलं. स्वयंपाकघरातले घड्याळवाले सगळे फोटो तिनं निवडले, भिंतीवरची वेळ हातानं भरली, आणि स्क्रिप्टला विचारलं की फरक नेमका कुठल्या तारखांच्या आसपास बदलतो. तिच्या गावची सरकवण्याची तारीख दरवर्षी वेगळी येते. मला त्या तारखा कधीच पाठ नव्हत्या. हिला असायच्या, डब्यातल्या पिठाचा अंदाज असावा तशा. यादी आली. नऊ वर्षं, अठरा वेळा. सोळा वेळा फोटो जितके जवळ नेत होते तितक्या जवळ, त्याच शनिवार-रविवारच्या बेचक्यात. एकदा चार दिवस उशिरा. मला आठवलं, तेव्हा तिला ताप होता. आणि एकदा एक दिवस आधी. त्यावर ठकू म्हणाली, "त्या वर्षी मी फोनवर तिला चुकीचा वार सांगितला होता. ती काही बोलली नव्हती. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही." मग ती उठली, न्हाणीघरात गेली, नळ बराच वेळ वाहत राहिला. मी टेबलावर एकटा बसलो. समोर उजेडात त्या अठरा तारखा, आणि मला त्या चाळीस ओळींचे, त्या न लाजणाऱ्या, न फुगवणाऱ्या यंत्राचे पाय धरावेसे वाटले. माझ्यावर माझ्या लेकीनं विश्वास ठेवला नसता. आमच्या हिच्यावर ठेवला, हिच्याच हस्ताक्षरात.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. नेहमीचा मी असतो तर इथेच थांबवली असती. पण ती तोंड पुसत आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आता सगळ्या वेळा आपल्या करून घेते. मग ऑपरेशनचा दिवस बघायचाय मला." मला माहीत होतं ती हेच म्हणणार.

तो दिवस मी इतक्यांना सांगितलाय. पांढरं दार, वरती लाल दिवा, तीन पायांची खुर्ची, चौथ्या पायाखाली मी घडी करून घातलेलं माझं पाकीट. अकरा ते दोन मी हललो नाही, लघवीलासुद्धा नाही. दार उघडलं तेव्हा माझा पाय इतका बधिर की दोघांनी धरून उभं केलं. हिच्या दिवसांना लोक भेटायला आले तेव्हाही मी हे सांगितलं, आणि ठकू फोनवरून रडत सगळ्यांना सांगत होती, "मला सुट्टी मिळाली नाही हो तेव्हा, पण बाबा होते. बाबा दारापासून हलले नाहीत." त्या दारावर ती टेकून होती इतकी वर्षं. मला ते दिसत होतं. तरीही पाकिटाची घडी मी पुन्हा पुन्हा घालत राहिलो.

स्क्रीनवर एकतीस फोटो आले. पहिला अकरा बारा. शेवटचा एक एकोणपन्नास. ठकूनं एक उघडला. लाल बस, तिच्या दोन्ही अंगांनी फिरणारे माणसाहून उंच निळे ब्रश, फेस. दुसरा उघडला. हिरवी बस. तिसरा. "हे कुठलं?" तिनं विचारलं. आणि शपथेवर सांगतो, गोष्ट तयार होती. जिभेवर, चाकं लावून. इस्पितळाच्या मागच्या खिडकीतून बस डेपो दिसायचा, मी दारापासून हललो नाही, नुसता खिडकीतून हात बाहेर काढून. किती सुंदर बसत होतं ते! वेळही जुळत होती. मी तोंड उघडलं, आणि मला त्या अठरा तारखा दिसल्या. ज्या बाईनं नऊ वर्षं एक गोष्ट कुणालाही न सांगता केली, तिच्या ओळीखाली आपण हे लिहायचं?

"मी दाराशी नव्हतो," मी म्हणालो. "लाल दिवा लागला आणि मी उठलो. जिन्यानं खाली उतरलो. समोर बस आली, चढलो, शेवटच्या थांब्यापर्यंत बसलो. तिथं डेपोत बस धुतात. कठड्याला टेकून उभा राहिलो. आईनं आत जाताना कॅमेरा सांभाळायला दिला होता, तो गळ्यात. एक बस धुऊन झाली की एक फोटो. का ते मला माहीत नाही. एक धुऊन निघाली की वाटायचं, चला, एवढं तरी झालं."

ती म्हणाली, "मी फोन केला होता तेव्हा. मागे आवाज येत होता. तुम्ही म्हणालात, वऱ्हांड्यातला नळ फुटलाय."

"ब्रश होते ते."

"नळ," ती म्हणाली. "मी चार दिवस त्या नळाची काळजी करत होते. आई घसरेल म्हणून." हसली का रडली ते कळलं नाही, मग चेहरा दगडासारखा झाला. "ती शुद्धीवर आली तेव्हा कोण होतं?"

"मी नव्हतो. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईक नातेवाईक म्हणून ओरडून गेले. एक आयाबाई होत्या वॉर्डात. त्यांनी हात धरला तिचा. मी पोचेपर्यंत सोडला नाही."

ठकू उठून बाल्कनीत गेली. पाठ माझ्याकडे. तिथून, रस्त्याला सांगावं तसं म्हणाली, "मी त्या खुर्चीच्या जिवावर होते, बाबा. मी आले नाही याचं मला रोज काहीतरी व्हायचं, आणि मग मी म्हणायचे, खुर्ची होती. तीन पायांची." मला म्हणण्यासारखं जे होतं ते सगळं माझ्या धंद्यातलं होतं. खालून कुणीतरी फाटक ओढल्याचा आवाज आला, पाइपनं झाडांना पाणी घालणं सुरू झालं, थांबलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्याची चिठ्ठी नाही कुठे. मग तिनं न वळताच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी तिनं उशाशी कॅमेरा मागितला. एकेक बटण दाबत एकतीसच्या एकतीस बघितले. सावकाश. मी पाण्याचा ग्लास पुसत उभा. मला वाटलं आता बोलेल. म्हणाली, बसगाड्या छान निघाल्यात. मी म्हटलं, पुसून टाकू का? तर म्हणाली, नको. तुम्ही किती घाबरला होतात ते कुठेतरी राहू दे. तोंडानं तर तुम्ही कधी सांगणार नाही."

त्यानंतर ती चार वर्षं जगली, आणि माणसं जमली की मी खुर्चीची गोष्ट सांगायचो. ही तिथेच बसलेली असायची, शेंगा सोलत किंवा उसवलेलं शिवत. एकदाही मान वर केली नाही. एकदाही घसा खाकरला नाही. उलट एकदा कुणीतरी म्हणालं, खुर्चीला तीन पाय म्हणजे आश्चर्यच, तर म्हणाली, "हो, मी पाहिलीय ती." माझ्यासाठी ती एवढी एकच थाप मारली तिनं आयुष्यात. तेव्हा मला ते नुसतं बरं वाटलं होतं. किती दिलं ते परवा, त्या टेबलाशी बसून, उघड्या स्क्रीनसमोर कळलं, आणि आभार मानायला माणूस नाही, नुसत्या ओळी.

ठकू आत आली. बसली. रागातच होती, नाक लाल. पण माउस हातात घेतला आणि एकतिसाव्याच्या पुढची ओळ उघडली. बत्तिसावा फोटो. दोन अठ्ठावन्न. फ्लॅश उडाला: होय. फोटोत मी. वाकलेला, शर्ट छातीपर्यंत भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले, डोळे फ्लॅशनं मिटलेले. असा मी मला कधी पाहिला नव्हता. त्या माणसाला पाहून कुणीही सांगितलं असतं की हा कुठल्या दाराशी बसून आलेला नाही. "हा कुणी काढला?" ठकूनं विचारलं.

"तिनंच. सलाइनच्या हातानं. मी गेल्या गेल्या म्हणाली, कॅमेरा द्या. तिला तुझी वेळ बघायची होती. म्हणाली, साडेनऊ वाजत आलेत, पोरगी फोनची वाट बघत असेल, तिला आधी सांगा."

ठकूनं फोटो बराच वेळ बंद केला नाही. मग बंद केला, वही ओढली, आणि तारीख लिहिली. "त्या बाई," ती म्हणाली. "आयाबाई. तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काही नाही. लाज वाटली. नजर चुकवली."

"नाव?"

"विचारलं नाही."

"तारीख आहे," ती म्हणाली. "वेळही आहे आता. त्या वेळेला कुणाची ड्युटी होती ते त्यांच्याकडे लिहिलेलं असणार. चपला घाला."

"आत्ता?"

"सहा वर्षं झाली, बाबा. आणि तिथं गोष्ट नाही सांगायची. थँक यू म्हणायचं आणि गप्प बसायचं."

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, वळणावर माझं कोपर धरलं आणि सरळ रस्त्यालाही सोडलं नाही. इस्पितळाचा रंग बदललाय. चौकशीच्या खिडकीत माझ्या वयाच्या, जाड काचांच्या बाई होत्या. काच मी घासलेली नव्हती, कडेला जरा जास्त उरली होती. मी म्हणालो, "आभार मानायचे आहेत. जरा उशीर झालाय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मागच्या कपाटाकडे पाहिलं, उसासा टाकला आणि कागद पुढे घेतला. "जुन्या ड्युटीच्या वह्या खाली आहेत, शोधावं लागेल. तारीख?" ठकूनं सांगितली. "वेळ?"

"रात्री साडेआठ," ठकू तिकडच्या सवयीनं म्हणाली.

"दुपारी दोन," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. "नक्की काय ते ठरवा. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?"

मी ठकूकडे बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती पोट धरून हसायला लागली. "दोघंही," मी म्हणालो.